खुब्यातल्या रॉडला पाच लाख, भिंतीतल्या दांड्याला शून्य

सत्तरी ओलांडलेल्या आजी बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं, तर त्यांच्या ऑपरेशनचा खर्च आता सरकार उचलू शकतं. 29 ऑक्टोबर 2024 रोजी आयुष्मान भारत योजना सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना खुली झाली. उत्पन्नाची अट नाही, घरातल्या ज्येष्ठांना मिळून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. रॉड टाकायचा असो की गोळा बदलायचा, दोन्ही त्यात बसतं. ही चांगलीच गोष्ट झाली, नाक मुरडायचं कारण नाही. पण कमोडशेजारच्या भिंतीला धरायला एक दांडा असता तर आजी कदाचित पडल्याच नसत्या. त्या भिंतीचा विचार या योजनेत कुठेच नाही. स्टीलचा तसा दांडा हार्डवेअरच्या दुकानात हजार-दीड हजारांत मिळतो. बसवणाऱ्याची मजुरी वरून.

म्हाताऱ्या माणसांचं घरात पडणं हा घरचा मामला आहे, ही आपली समजूत मला चुकीची आणि महागडी वाटते. गटारं, लसीकरण, रस्त्यावरचे दिवे यांच्यासारखाच हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे. त्यावर सरकारने, महापालिकेने आणि हाऊसिंग सोसायटीने खर्च करायला हवा, आणि तो माणूस पडण्याआधी.

आधी प्रश्न केवढा आहे ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसं पडून मरतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांनंतर दुसरा क्रमांक पडण्याचाच लागतो. यातले ऐंशी टक्क्यांहून अधिक मृत्यू आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. पासष्टीच्या पुढच्या माणसांपैकी 28 ते 35 टक्के माणसं वर्षातून एकदा तरी पडतात, असं हीच संघटना सांगते. महाराष्ट्रात 2011च्या जनगणनेत साठीच्या पुढची लोकसंख्या 9.9 टक्के होती, म्हणजे एक कोटी दहा लाखांच्या घरात, आणि त्यानंतर ती वाढलीच आहे. खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण वीस ते तीस टक्के माणसं वर्षभराच्या आत जातात, हे निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. जी वाचतात त्यांतली बरीचशी पूर्वीसारखी एकटी भाजी आणायला जात नाहीत.

एवढी माणसं डेंग्यूने गेली असती तर वॉर्डा-वॉर्डात फवारणी झाली असती. पडण्याची बातमी होत नाही. कारण आपण ती आपत्ती मानत नाही, एक तर नशीब मानतो नाहीतर निष्काळजीपणा. ‘वयच झालं होतं’ आणि ‘किती वेळा सांगितलं, रात्री उठताना हाक मार म्हणून’ या दोन वाक्यांत आपलं सगळं विश्लेषण संपतं. त्यातलं दुसरं वाक्य जास्त घातक. ओरडा बसतो म्हणून म्हातारी माणसं पडणं लपवतात. गुडघा सुजला तर ‘टेबलाला आपटला’ म्हणतात, कपाळावरचं टेंगूळ पदराखाली जातं. नुसत्या ओरड्याची भीती असती तर एक वेळ चाललं असतं. एकदा पडल्याचं कळलं की गच्ची बंद, देवळात जाणं बंद, एकटीने राहणं बंद, आणि मग कायमचं मुलाकडे, हे त्यांना ठाऊक असतं. पहिलं पडणं लपलं की दुसऱ्याला वाट मोकळी होते. वर्षभरात एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. म्हणजे ज्याच्यापर्यंत सगळ्यात आधी पोहोचायचं, नेमका तोच आपल्याला दिसत नाही.

यात प्रेमाचाही हात आहे. साठी झाली की घरातले लोक आईला उठू देत नाहीत. पाणी हातात, ताट हातात, ‘तू बस गं, मी आणते.’ आपल्या मागच्या पिढीला जमिनीवर मांडी घालून जेवायची, उकिडवं बसून भाजी निवडायची, दिवसातून पंधरा-वीस वेळा जमिनीवरून उठायची सवय होती. तो मांड्यांचा आणि तोलाचा व्यायामच होता, फुकट आणि नकळत. गुडघे दुखायला लागले की खुर्ची येते, येऊ दे. पण खुर्चीत बसवल्यावर तो गेलेला व्यायाम आपण दुसऱ्या कशाने भरून काढत नाही. स्नायू काही महिन्यांत उतरतात आणि मग एक दिवस कमोडवरून उठताना पाय थरथरतात. काळजीपोटी बसवून ठेवलेली म्हातारी पडते आणि घरचे म्हणतात, बघा, म्हणूनच उठू देत नव्हतो.

आता बाथरूममध्ये जाऊ, कारण प्रश्नाचा गाभा तिथे आहे. आपलं न्हाणीघर हे बादली-तांब्याचं. आंघोळ झाली की सगळी खोली ओली, आणि शहरातल्या छोट्या घरांत तिथेच संडास, तिथेच वॉशिंग मशीन. दिवसभर कोणी ना कोणी पाणी सांडतंच. बिल्डरने चकचकीत फरशी बसवलेली असते, कारण घर विकताना चकाकी विकली जाते. साबणाचं पाणी तिच्यावर पडलं की तरुण माणसाचाही पाय सरकतो. दाराशी दोन-तीन इंचांचा उंबरा, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. रात्री दोनला लघवीला उठलेल्या, चष्मा न लावलेल्या माणसाला तो दिसत नाही. उंबऱ्याच्या बाहेर पायपुसणं, जुन्या टॉवेलचं किंवा गोधडीच्या तुकड्याचं, खालून गुळगुळीत. तोल गेला की हात जातो टॉवेलच्या दांड्याकडे. तो दांडा ओला टॉवेल पेलण्यासाठी लावलेला असतो. साठ किलोचं माणूस लटकलं की प्लॅस्टिकच्या गिट्टीसकट भिंतीतून निघून हातात येतो. नळाची तोटी आणि बेसिनची कडा यांचीही गत तीच.

दाराबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण त्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. आपली बाथरूमची दारं बहुतेक आत उघडतात आणि त्यांना आतून कडी असते. आत माणूस पडला की तो दारालाच अडतो. कडी तोडली तरी दार ढकललं की त्याच्याच अंगावर जातं. सुतार येईपर्यंत, दार बिजागऱ्यांतून काढेपर्यंत अर्धा-पाऊण तास जाऊ शकतो, आणि खुबा मोडलेली म्हातारी तेवढा वेळ ओल्या गार फरशीवर पडून असते. बाहेर उघडणारं किंवा सरकतं दार आणि बाहेरूनही उघडता येईल अशी कडी, एवढं बांधतानाच केलं तर त्याचा खर्च जवळपास काहीच नाही. तरी ते होत नाही, कारण घर बांधणाऱ्याने ते तरुण जोडप्याला विकायचं असतं.

खेड्यातलं चित्र निराळं आहे, सोपं नाही. स्वच्छ भारत अभियानात घरटी 12 हजार रुपये देऊन संडास बांधले गेले. ती मोठी गोष्ट झाली, विशेषतः बायकांसाठी. पण त्यातले बरेच संडास घरापासून सुटे, खालच्या खड्ड्यामुळे उंच चौथऱ्यावर, दोन-तीन ओबडधोबड पायऱ्या चढून जायचे. आत भारतीय पद्धतीचं भांडं, धरायला काही नाही, बाहेर दिवा नाही. कोकणात त्याच्या जोडीला पाऊस. जून ते सप्टेंबर जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि परसातून विहिरीकडे जाणारी वाट चिखलाची होते. सरकारने घरोघरी संडास बांधून दिले तेव्हा बसून उठणारा माणूस पंचाहत्तर वर्षांचाही असू शकतो, हे कोणाच्या नकाशात नव्हतं. त्या बारा हजारांतच भिंतीत एक लोखंडी आडवा दांडा गाडला असता तर वेगळी योजनाही लागली नसती.

‘खासगी घरात सरकारने शिरावं का?’ या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं. सरकार केव्हाच शिरलेलं आहे. संडास दिला, गॅस दिला, नळ दिला. घराचा उंबरा ओलांडायचा की नाही हा वाद आता संपलेला आहे. उरलाय तो आत गेल्यावर काय पाहायचं हा.

न्यूझीलंडचं उदाहरण मला यात सर्वांत बोलकं वाटतं. तिथल्या तारानाकी भागात 842 घरांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2015मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी घरं दोन गटांत वाटली. एका गटाच्या घरांत लगेच किरकोळ कामं करून दिली: जिन्याला आणि पायऱ्यांना कठडे, बाथरूममध्ये धरायचे दांडे, बाहेर दिवे, पायऱ्यांच्या कडांना आणि ओल्या जागांना न घसरणारा पृष्ठभाग. दुसऱ्या गटाला तीन वर्षांनी. पहिल्या गटात घरात पडून होणाऱ्या, डॉक्टरकडे जावं लागेल अशा दुखापती 26 टक्क्यांनी कमी निघाल्या. या घरांत फक्त म्हातारी माणसं नव्हती, सगळ्या वयांची होती. म्हणजे कठडा आजीला लावला तरी त्याला नातूही धरतो.

पण मला जास्त रस आहे तो हा प्रयोग तिथेच का सुचला यात. न्यूझीलंडमध्ये 1974पासून अपघात भरपाईची एक सरकारी संस्था आहे. चूक कोणाची हे न विचारता अपघातात जखमी झालेल्या प्रत्येकाच्या उपचाराचा खर्च ती उचलते. त्यामुळे बाथरूममध्ये पडलेल्या प्रत्येक आजीचं बिल शेवटी एकाच टेबलावर येतं, आणि त्या टेबलावरचा माणूस साहजिकच विचारतो की हे बिल येऊच नये म्हणून काय स्वस्तात करता येईल? आपल्याकडे कालपर्यंत हे बिल मुलाच्या पगारातून, सुनेच्या रजेतून, गावाकडच्या जमिनीच्या तुकड्यातून भरलं जात होतं. लाखो घरांत विखुरलेलं असल्यामुळे त्याची बेरीज कोणाच्याच पुढ्यात येत नव्हती. आता सत्तरीच्या पुढच्यांचं बिल एका जागी जमायला लागलं आहे, तर तो प्रश्न आपल्याकडेही विचारला जायला हवा. हाड मोडल्यावरचा खर्च सरकारचा आणि न मोडण्याचा खर्च घराचा, ही वाटणी हिशेबातच बसत नाही.

घरातले धोके कमी करण्याच्या उपायांवरच्या अनेक चाचण्या एकत्र करून 2023 साली कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने आढावा घेतला. त्यात पडण्याचं प्रमाण सरसकट 26 टक्क्यांनी घटलेलं दिसलं. पण बारकाईने पाहिलं तर फायदा मुख्यतः ज्यांना धोका जास्त आहे त्यांनाच झाला: जे वर्षभरात पडलेत, नुकतेच हॉस्पिटलमधून घरी आलेत किंवा रोजच्या कामात ज्यांना मदत लागते. त्यांच्यात घट 38 टक्के. ठणठणीत माणसांच्या घरांत दांडे ठोकून फारसं काही साधलं नाही. त्यामुळे ‘प्रत्येक ज्येष्ठाच्या घरी दांडा’ अशी घोषणा कोणी केली तर मी तिच्या विरोधात असेन. दहा लाख दांड्यांचं एक टेंडर निघेल, ते हलक्या पत्र्याचे येतील, टाइलवर नुसते चिकटवले जातील आणि पहिल्याच झटक्याला सुटतील. न धरता येणारा दांडा दांडा नसण्यापेक्षा वाईट, कारण माणूस त्याच्यावर विश्वासून भार टाकतो.

करायचं ते नेमकं. राज्यात 2024 साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आली. पासष्टीच्या पुढचे, कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेले ज्येष्ठ तिच्यात बसतात. त्यांच्या खात्यावर एकदाच तीन हजार रुपये जमा होतात. त्यातून चष्मा, श्रवणयंत्र, तीन पायांची काठी, वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा असं काहीतरी घ्यायचं. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना 2017पासून आहे, तिचंही स्वरूप साधनांचंच. या योजनांना माणसाच्या अंगावर किंवा हातात असलेली वस्तू दिसते, त्याच्या घराची भिंत दिसत नाही. वॉकर दिला पण उंबरा तसाच ठेवला, तर वॉकर उंबऱ्याबाहेर उभा राहतो आणि माणूस आत जातो भिंतीला धरून. तीन हजारांत एक दांडा, एक न घसरणारी चटई आणि पलंगापासून संडासापर्यंत रात्रीचा मंद दिवा हे सगळं बसतं. यादीत एवढी भर घालायला नवा कायदा लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो.

कोणाच्या घरी जायचं हे शोधणारी यंत्रणाही आहे. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी एक तपासणी अर्ज भरतात. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, खोकला असं सगळं त्यात विचारलेलं असतं. साठीच्या पुढच्यांसाठी त्याच अर्जात वेगळे प्रश्न आहेत आणि त्यातला एक असा की, उभं राहताना किंवा चालताना तोल जातोय असं वाटतं का? प्रश्न अगदी योग्य आहे. उत्तर ‘हो’ आलं तर जवळच्या आरोग्य केंद्रात पाठवायचं असतं. पण ज्याचा तोलच जातोय त्याने केंद्रात चालत यावं ही अपेक्षा जरा विचित्रच. इथे पाऊल उलट दिशेने पडायला हवं. त्या ‘हो’नंतर कोणीतरी त्याच्या घरी जावं, संडासाची वाट चालून पाहावी. हे काम पुन्हा आशाताईंच्याच गळ्यात घालू नये, त्यांच्या मानधनाच्या मानाने त्यांच्या डोक्यावर आधीच भरपूर आहे. तालुक्याच्या आयटीआयमधून बाहेर पडलेला गवंडी किंवा प्लंबर, त्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण, घरटी ठरलेला मोबदला आणि बसवलेला दांडा स्वतः लटकून दाखवण्याची सक्ती. शेवटची अट मी थट्टेत घातलेली नाही.

शहरात सरकारी यंत्रणेपेक्षा जवळची सत्ता असते ती सोसायटीच्या कमिटीची. महाराष्ट्रात लाखाहून जास्त सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत. त्यातल्या सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या कित्येक इमारती लिफ्ट नसलेल्या, तीन-चार मजली. तिथे तेव्हा तिशीत राहायला आलेली माणसं आता पंचाहत्तरीत आहेत. जिने तेच आहेत. राष्ट्रीय इमारत संहिता राहत्या इमारतीतल्या पायरीची उंची जास्तीत जास्त 190 मिलिमीटर आणि रुंदी किमान 250 मिलिमीटर सांगते. जुन्या चाळींचे आणि वाड्यांचे लाकडी जिने या मापात कुठे बसणार. पण नव्या इमारतींतही एक खोड आढळते: सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक टाकले की खालची पायरी बुटकी होते, मजल्यावर जुन्या लादीवर नवी लादी बसवली की वरची उंच होते. पायाला सवय झालेली असते एका मापाची, शेवटच्या पायरीला तो फसतो. कठडा एकाच बाजूला आणि शेवटच्या दोन पायऱ्या उरल्या असताना संपलेला. जिन्यातला दिवा वीजबिल वाचवायला मिणमिणता ठेवलेला. चपलांचे रॅक, सायकली, कुंड्या जिन्यात.

आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत दुसऱ्या बाजूलाही कठडा लावावा असा अर्ज एका वयस्क सभासदाने दिला. कमिटीचं उत्तर होतं, एका माणसासाठी सगळ्यांच्या पैशातून खर्च करता येणार नाही. त्याच वर्षी प्रवेशद्वाराला ग्रॅनाइट लागलं, गुळगुळीत. ही काही अपवादात्मक कमिटी नव्हे. सोसायटीच्या पैशातून जे दिसतं त्यावर खर्च करायला सगळ्यांचे हात वर होतात.

यावर उपाय कमिटीच्या मनाच्या मोठेपणावर सोडू नये. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षं जुन्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. अभियंता येतो, स्लॅब पाहतो, कॉलमच्या भेगा पाहतो, अहवाल देतो. त्याच फेरीत त्याने जिना पाहावा. पायऱ्यांची मापं सारखी आहेत का, दोन्ही बाजूंना पूर्ण लांबीचा कठडा आहे का, प्रत्येक वळणावर पुरेसा उजेड आहे का, पहिल्या आणि शेवटच्या पायरीची कड ठळक रंगवली आहे का. इमारत माणसावर पडू नये म्हणून आपण तपासणी सक्तीची केली, तर माणूस इमारतीत पडू नये म्हणून त्याच तपासणीत चार ओळी वाढवायला सहकार खात्याला अडचण काय असावी?

औषधांचा विषय छोटा नाही, पण त्यातलं मुख्य सांगून पुढे जातो. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या हे पडण्याचं ठरलेलं कारण आहे. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या 2014पासून अनुसूची एच-1मध्ये आहेत, म्हणजे औषध दुकानदाराने विक्रीची वेगळी नोंद ठेवायची असते. तरी कधीकाळी लिहून दिलेल्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं त्या घेणारी माणसं प्रत्येकाच्या नात्यात सापडतील. (त्या एकदम बंद करू नयेत, ते धोक्याचं आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवतात.) दुसरी गोष्ट रक्तदाबाची. आपल्या ओपीडीत रक्तदाब बसलेल्या माणसाचा, एकदा मोजतात. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा 20ने किंवा खालचा 10ने उतरत असेल तर उठताना चक्कर येऊन तो पडू शकतो. हे कळायला नवं यंत्र लागत नाही, रुग्णाला उभं करून तोच पट्टा पुन्हा फुगवायचा. पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली की रात्री तीनदा उठणं आलं. प्रोस्टेटच्या काही गोळ्या उभ्याचा रक्तदाब पाडतात. हे सगळं एका डॉक्टरने एका बैठकीत पाहायला हवं. पण हृदयाचा डॉक्टर निराळा, साखरेचा निराळा, प्रोस्टेटचा निराळा, आणि सगळ्या गोळ्या एकत्र फक्त डब्यातच भेटतात.

ड जीवनसत्त्वाच्या पुड्यांबद्दल आपल्याकडे फार भाबडेपणा आहे. कमतरता असेल तर घ्यावं, पण ते घेतलं की पडणार नाही हा समज खरा नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा डोस देऊन पाहिला. 2010 साली निकाल आले तेव्हा डोस घेतलेल्या बायका 15 टक्के जास्त पडल्या होत्या, आणि हाडंही जास्त मोडली होती. याउलट मोतीबिंदूचं ऑपरेशन खरोखर कामाला येतं. इंग्लंडमधल्या 2005च्या एका चाचणीत पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन लांबवण्याऐवजी लवकर केलेल्या वृद्ध स्त्रियांचं पडणं 34 टक्क्यांनी कमी झालं. या बाबतीत आपली शिबिरं आणि धर्मादाय नेत्र रुग्णालयं आधीपासून चांगलं काम करतात. ‘पिकू दे मग काढू’ म्हणत वर्षानुवर्षं थांबायला लावणारे आपणच असतो.

आणि व्यायाम. पुराव्याच्या बाबतीत सगळ्यांत भक्कम उपाय हाच आहे. कोक्रेनच्या 2019च्या आढाव्यात व्यायामामुळे पडण्याचं प्रमाण 23 टक्क्यांनी कमी झालं होतं. पण कुठला व्यायाम? नुसतं बागेत फेऱ्या मारणं त्यात पुरत नाही. तोल सांभाळण्याचा कस लागेल असे आणि मांड्या बळकट करणारे प्रकार हवेत: हात न टेकता खुर्चीतून उठणं, एका पायावर उभं राहणं, टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालणं, बाजूला पावलं टाकणं, शेजारी धरायला काहीतरी ठेवून. महापालिकांची विरंगुळा केंद्रं आहेत, गावोगाव ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, फेस्कॉमसारखा त्यांचा महासंघ आहे, सकाळी बागांमध्ये हास्यक्लब आहेत. माणसं रोज जमतात, आपल्या पायांनी जमतात. तिथे प्राणायाम होतो, भजन होतं, वाढदिवस होतात, पोटभर हसणं होतं. सगळं छान. पण हसण्याने मांडीचा स्नायू वाढत नाही. आठवड्यातून तीनदा अर्धा तास तोलाच्या व्यायामासाठी एक फिजिओथेरपिस्ट पाठवणं महापालिकेला जड जाऊ नये. फिजिओथेरपीच्या कॉलेजांना तर विद्यार्थ्यांच्या सरावासाठी अशी जागा हवीच असते.

पुण्या-मुंबईतल्या, नाशिक-सांगलीतल्या ज्या घरांत मुलं अमेरिकेत किंवा बंगळुरूला आहेत, तिथे प्रतिबंधाची जागा कॅमेऱ्याने घेतली आहे. हॉलमध्ये एक, बेडरूममध्ये एक. न्यू जर्सीतून मुलगा रात्री पाहतो, आई झोपली का. त्याची तळमळ खरी आहे. पण जिथे ती पडण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्या बाथरूममध्ये कॅमेरा लावता येत नाही, आणि लावता आला तरी त्यात पडलेली आई दिसेल, पडण्यापासून वाचलेली नाही. सुट्टीत पंधरा दिवस आलेल्या मुलाने त्यातला एक दिवस ड्रिल मशीनवाल्याला बोलावून घरात फिरवला, तर त्या कॅमेऱ्याच्या वर्गणीपेक्षा तो स्वस्त पडेल. आणि फिरवताना आईला विचारावं की ती कुठे हात टेकते. भिंतीवरच्या तेलकट डागांवरून ते तसंही कळतंच.

‘लोकांना सवय नाही, दांडा लावला तरी घर हॉस्पिटलसारखं दिसतं म्हणून काढून टाकतात’ हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. त्यात तथ्य आहे. आपल्या म्हातारपणाची जाहिरात आपल्याच भिंतीवर कोणाला हवी असते? म्हणून हा बदल दुरुस्ती म्हणून नको, बांधकामाचा नियम म्हणून हवा. नव्या प्रत्येक फ्लॅटच्या निदान एका बाथरूममध्ये खरखरीत फरशी, बाहेर उघडणारं दार आणि दांडा बसवता येईल अशी भक्कम भिंत विकास नियंत्रण नियमावलीत घालावी. तिशीतल्या खरेदीदारालाही ओल्या फरशीवर हे नकोसं होणार नाही. दांड्याची सोय सगळ्यांच्याच घरी असली की ती म्हाताऱ्यांची राहत नाही. कमोडचंही असंच झालं. कधीकाळी तो साहेबांचा आणि आजाऱ्यांचा होता.

बांधकामाचे नियम बदलायला वर्षं लागतील, वयोश्रीच्या यादीला काही महिने. सोसायटीच्या जिन्याला तेवढेही नकोत. गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तिची नोटीस निघण्याआधी कोणीही सभासद सचिवाला पत्र देऊन विषय सुचवू शकतो. ‘जिन्याला दुसऱ्या बाजूचा कठडा, प्रत्येक मजल्यावर पुरेसा दिवा आणि पहिल्या व शेवटच्या पायरीला पिवळा पट्टा’ हा एका ओळीत बसणारा विषय आहे. ‘एका माणसासाठी खर्च कशाला’ हा प्रश्न सभेत निघाला, तर सभागृहात साठी ओलांडलेले किती हात वर होतात ते अध्यक्षांनी तिथेच मोजावं आणि इतिवृत्तात नोंदवावं.